पद टिकलं, पाऊल हरवलं: जुन्या संगीत नाटकाची हालचाल परत कशी उभी करायची

अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत नाटक 'सौभद्र' आज बसवायचं ठरवलं तर हाताशी काय काय असतं? संहिता छापील मिळते. चाली कानावर आहेत, बऱ्याच पदांची स्वरलिपी सापडते, जुन्या नटांच्या ध्वनिमुद्रिका ऐकता येतात. पण सुभद्रा कुठल्या विंगेतून आली, कितव्या ओळीला बसली, पदर कधी सावरला, पाठ कधी फिरवली, यातलं जवळजवळ काहीच कागदावर नाही. नाटक कंपन्यांमध्ये नटाला त्याची नक्कल उतरवून मिळायची आणि त्यात फक्त भाषण आणि पदं असायची. उभं कसं राहायचं हे तालीममास्तर करून दाखवायचे आणि नट ते अंगात भिनवायचा. तो नट गेला की ती हालचालही जायची.

सीमाभागातल्या नाटकवेड्यांसाठी हा विषय घरचाच आहे. संगीत नाटकाला घडवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. जन्म ३१ मार्च १८४३, आणि १८८५ साली मृत्यूही तिथलाच. केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी १९०८ साली हुबळीत उभी राहिली. खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या गावांत यात्रेच्या निमित्ताने हौशी नाटक करायची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्या नाटकांत काम केलेली सत्तरी-ऐंशीतली माणसं आजही भेटतात. त्यांच्या अंगात जे शिल्लक आहे ते नीट उतरवून घ्यायचं, आणि जे शिल्लक नाही ते प्रामाणिकपणे नव्याने बांधायचं, ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक मंडळी त्यांची सरमिसळ करतात आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

हालचाल मुळात होती तरी कशी

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्याआधी तिथे येऊन गेलेल्या उत्तर कानडातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींच्या खेळांनी त्यांना वाट दाखवली होती. म्हणजे मराठी नाटकाच्या उगमाशीच कर्नाटकातला नाचता खेळ आहे. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार गायचा आणि पात्रं हालचाल करायची. मोरावर बसलेली सरस्वती नाचत यायची, राक्षस आरडाओरडा करत, पाय आपटत यायचे. पुढे लोक या नाटकांना 'तागडथोम' म्हणून हिणवू लागले, पण त्यात अंग वापरलं जात होतं हे विसरून चालणार नाही.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले आणि गाणं सूत्रधाराकडून पात्रांच्या तोंडी आलं. याचा परिणाम थेट शरीरावर झाला. जो गातो त्याला दम सांभाळावा लागतो, म्हणून तो नाचत नाही. हालचाल आखडली आणि बारीक झाली. नजर, मान, मनगट, पदर, बसण्या-उठण्याची ढब एवढ्यातच सगळं येऊ लागलं. 'संगीत नाटकात हालचाल नसतेच, नट उभं राहून गातात' असं आज सर्रास म्हटलं जातं, ते चूक आहे. हालचाल होती, पण एवढी लहान की ती सगळ्यात आधी पुसली गेली. मोठी गिरकी पाहणाऱ्याच्या लक्षात राहते. समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी अर्धा क्षण वर उचललेली नजर कुणी टिपून ठेवत नाही.

दुसरं कारण रंगमंचाचं. रस्त्याचा पडदा पुढे पाडून त्याच्यासमोरच्या चार-पाच फुटांच्या पट्टीत प्रवेश चालायचा, मागे दरबाराची मांडामांड व्हायची. त्या अरुंद पट्टीत नट आडवाच फिरू शकतो, मागे-पुढे जाऊ शकत नाही. उजेड पुढच्या पायदिव्यांचा, तोही पुढच्या भागातच चांगला. ध्वनिक्षेपक नव्हता, म्हणून तोंड प्रेक्षकांकडे. या तीन गोष्टी डोक्यात ठेवल्या की जुन्या नटांच्या आठवणीतलं बरंच कोडं उलगडतं.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही

किर्लोस्करांच्या जन्माला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी, ३१ मार्च १९४३ ला, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'ओक्लाहोमा!' हे संगीत नाटक सुरू झालं. त्यातले नाच अॅग्नेस डी मिल यांनी बसवले. नाचातून पात्राच्या मनातलं सांगायची पद्धत त्या नाटकाने तिथे रुळवली. एवढी कीर्ती, एवढा पैसा, तरी ब्रॉडवेचे कितीतरी नाच हरवले, कारण तिथेही नाच एका अंगातून दुसऱ्या अंगात जायचा. जेरोम रॉबिन्स यांनी १९८९ साली आपले जुने नाच एकत्र करून कार्यक्रम केला तेव्हा मूळ नर्तकांना बोलावून त्यांच्या आठवणीतून तुकडे जुळवावे लागले. ज्याने नाच बसवला त्याच्याकडेच तो पूर्ण नव्हता. ली थिओडोर या नर्तिकेने १९७० च्या दशकात 'अमेरिकन डान्स मशीन' ही मंडळी काढली ती याच कामासाठी: जुने नाच मूळ कलाकारांकडून शिकायचे आणि करत राहायचे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७० पासून चालू नाटकांचं चित्रीकरण जपायला घेतलं. त्याआधीचं बरंचसं गेलंच.

नाच लिहायच्या पद्धती तिकडे आहेत. रुडॉल्फ लाबान यांची लिपी १९२८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या उभ्या रेघा खालून वर वाचायच्या. मधली रेघ म्हणजे शरीराचा मध्य, डावीकडे डावं अंग, उजवीकडे उजवं. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, आतला रंग किंवा रेघा उंची सांगतात, आणि चिन्ह जितकं लांब तितका वेळ जास्त. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या बेनेश लिपीत पाच आडव्या रेघा: डोकं, खांदे, कंबर, गुडघे, जमीन. 'किस मी, केट' या नाटकातल्या हान्या होम यांच्या नाचांची लाबान लिपीतली वही १९५२ साली अमेरिकेत स्वामित्व हक्कासाठी नोंदवली गेली. नाचाला लेखनासारखा हक्क मिळण्याची तिथली ती सुरुवात.

या लिप्या शिकायला काही वर्षं जातात आणि आपल्याकडे त्या वाचणारं माणूस सहज मिळत नाही. गावातल्या मंडळींनी त्यांच्यामागे लागू नये. आपल्याकडे भातखंडे पद्धतीची स्वरलिपी घराघरातल्या पेटीवाल्याला वाचता येते. तिच्याखाली हालचालीच्या ओळी वाढवल्या की काम होतं. ते कसं, हे पुढे येईलच.

आधी ठरवा: बांधलेलं की मोकळं

जपायला घेण्याआधी प्रत्येक तुकड्याबद्दल एक प्रश्न विचारावा. ही हालचाल दर प्रयोगाला तशीच व्हायची की बदलायची? नांदीला नट कुठल्या क्रमाने उभे राहतात, सूत्रधार कुठे, पडदा कुठल्या ओळीला उघडतो, हे बांधलेलं असतं. ते पावलापावलाने लिहायचं.

लावणी आणि वग यांचं तसं नाही. तिथे ढोलकीवाला आणि नाचणारी एकमेकांकडे बघून वाढवतात. एका रात्री तिहाई (शेवटी तीनदा घेतलेला बोल) लवकर येते, दुसऱ्या रात्री आणखी चार आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) रंगतात. एका रात्रीचा नाच पावलापावलाने उतरवून तोच 'मूळ' म्हणून शिकवला, तर आपण त्या कलेचा जीव घेतला. तिथे पावलं लिहायची नसतात, नियम लिहायचे: प्रवेश कशावर, ढोलकीला इशारा कुठला (खांदा, टाच की नजर), तोडा (बोलांवरचा नाचाचा तुकडा) कुठून सुरू होतो, समेला कुठल्या जागी परत यायचं, आणि काय कधीच करायचं नाही. या शेवटच्या रकान्यात जुनी माणसं सगळ्यात जास्त बोलतात. गोकाक भागातल्या कुलगोड तम्मण्णांच्या कन्नड 'श्रीकृष्ण पारिजाता'सारख्या खेळातही मोकळेपणा मोठा असतो, तेव्हा तिथेही हाच मार्ग.

जुन्या माणसांना विचारायचं कसं

'तेव्हा कसं करायचात?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'छान करायचो.' स्मरण जिभेत नसतं, अंगात असतं. म्हणून आधी ठेका लावा. तबलजी नसेल तर फोनवरचा चालेल, पण लय त्यांना ठरवू द्या. पेटीवर सूर धरा. पद त्यांनाच गुणगुणू द्या. दोन-चार ओळींनी हात आपोआप हलायला लागतो, आणि त्याच वेळी कॅमेरा चालू असला पाहिजे.

गुडघे साथ देत नाहीत, म्हणून आजीबाई खुर्चीत बसून हातानेच पावलं दाखवतात. ते तसंच टिपा. मग एखाद्या तरुण मुलीला समोर उभी करा आणि कळलं तसं करायला सांगा. आता खरी माहिती येते, कारण चूक दिसली की माणूस गप्प राहू शकत नाही. 'अगं, एवढं नाही वळायचं. मान आधी, खांदा मागनं.' हे वाक्य कुठल्याही मुलाखतीत मिळालं नसतं. दुरुस्त करतानाचं चित्रीकरण मूळ प्रात्यक्षिकापेक्षा मोलाचं असतं. कॅमेरा बंद करून 'आता जरा शिकवा हं' म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

एकाच पदाबद्दल दोघा-तिघांना विचारायचं असेल तर आधी वेगवेगळं विचारा, नंतर एकत्र बसवा. पहिल्यापासून एकत्र बसवलं तर ज्यांचा मान मोठा त्यांचंच सगळे उचलतात. शिवाय एकाच माणसाकडून वेगवेगळ्या दिवशी तीनदा करून घ्या. तिन्ही वेळा जे तसंच आलं ते पक्कं. जे बदललं ते एकतर मोकळं होतं किंवा विसरलेलं आहे, आणि ते त्यांनाच विचारावं.

आपल्या भागाचा एक फायदा इतरांना नाही. इथला प्रेक्षक आणि नट दोन्ही भाषांतला. मराठी संगीत नाटकाच्या चाली आणि ढंग कन्नड कंपनी नाटकाने उचलले, तिकडचं इकडे आलं. सौंदत्ती तालुक्यातल्या एणगी गावचे एणगी बाळप्पा (१९१४ ते २०१७) यांच्यासारख्या नटांची परंपरा याच मातीतली. म्हणून शोध मराठी घरांपुरता ठेवू नका. बैलहोंगल, गोकाक, धारवाडकडच्या कंपनी नाटकातल्या जुन्या कलाकारांना कन्नडमधूनच विचारा. मराठी रंगमंचावर विरून गेलेली उभं राहण्याची एखादी ढब तिकडे जिवंत सापडू शकते. प्रश्न विचारणाऱ्यांत एक जण तरी घरी कन्नड बोलणारा हवा, भाषांतर करणारा दुभाषी नव्हे.

एक सावधगिरी. आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसांची आठवण साधारण १९६० नंतरची. तोवर यात्रेच्या मंडपात वरून टांगलेला ध्वनिक्षेपक आला होता. त्यामुळे बरेच जण 'ओळ आली की मधे पुढे यायचं, संपली की मागे जायचं' असं शिकवतात. ही हालचाल नाटकाची नाही, माइकची आहे. ती टाकून द्यायची नसते, पण तिच्यापुढे 'माइकमुळे' असं लिहून ठेवायचं.

कशावर किती विश्वास ठेवायचा

जुनी तबकडी लयीसाठी प्रमाण मानू नका. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं बसायची, म्हणून गायकांनी पद आटोपतं घेतलं, लय चढवली, कडवी गाळली. रंगमंचावर तेच पद वन्समोअर घेत कितीतरी लांबायचं. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ वरच ध्वनिमुद्रित व्हायच्या असंही नाही. ७५ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर लय ४ टक्के वाढते आणि सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी चढतो. त्या लयीवर पावलं बसवली की नट धावपळ करताना दिसतो आणि दोष नटाला जातो.

छायाचित्रं याहून फसवी. ती बहुतेक स्टुडिओत, मागे रंगवलेला पडदा लावून, हलायचं नाही अशा ताकिदीवर काढलेली. फोटोत सुभद्रेचा हात हनुवटीला आहे म्हणून पदातही तो तिथे होता असं मानू नका. फोटोवरून वेश, दागिने, पदर कुठल्या खांद्यावर, एवढंच घ्या. मूकपटाच्या काळातली एखादी चित्रफीत हाती आली तर तिचा वेग तपासा. सेकंदाला १६ चौकटींवर (फ्रेमवर) घेतलेली फीत २४ वर दाखवली तर सगळं दीडपट वेगाने पळतं.

घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी हा खजिना असतो, आणि खानापूरकडचा पाऊस त्यांचा वैरी. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट प्लेअरमध्ये घालूच नका. बुरशी प्लेअरच्या हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना जाते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगली कॅसेटसुद्धा पाहायला म्हणून लावायची नाही. लावायची ती एकदाच, संगणकावर उतरवून घेत. एरवी उभी ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

हालचालीची वही

आता मुख्य काम. मोठ्या आडव्या पानावर तालाच्या मात्रांचे रकाने पाडा. केरव्याला ८, दादऱ्याला ६, झपतालाला १०, त्रितालाला १६. एक आवर्तन म्हणजे एक आडवी पट्टी. पट्टीत वरून खाली सहा ओळी: ताल (सम ×, खाली ०), शब्द, स्वर, पाय, हात आणि अंग, नजर. सातवी ओळ 'का' अशी ठेवा. ती का, ते पुढे सांगतो. पट्टीच्या उजवीकडे रंगमंचाचा छोटा चौकोन काढून नटाची जागा आणि बाण दाखवा. डावं-उजवं नेहमी नटाचं, प्रेक्षकांचं नव्हे, आणि हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. निम्मे गोंधळ याच एका गोष्टीतून होतात, कारण व्हिडिओ समोरून पाहून शिकणारा आरशासारखं उलटं शिकतो.

एक तुकडा जवळून पाहू. समजा धृपद (पदाची परत परत येणारी ओळ) केरव्यात आहे, चार आवर्तनं, म्हणजे ३२ मात्रा. लय मिनिटाला १२० मात्रांची, म्हणजे सगळं १६ सेकंदांत. स्त्रीपात्र नटाच्या डाव्या विंगेतून निघून मधल्या चौरंगापाशी येतं, अंतर १२ फूट. पाऊल दर विषम मात्रेला: १, ३, ५, ७. एका आवर्तनात चार पावलं. कासोट्याच्या नऊवारीत सावकाश, बायकी ढंगाने टाकलेलं पाऊल दीड फुटाच्या आसपास पडतं. आठ पावलांत १२ फूट, म्हणजे बरोबर दोन आवर्तनं. तिसऱ्या आवर्तनाच्या समेला ती चौरंगाशी पोचलेली असते. तिसऱ्यात १ ते ४ मात्रा नजर जमिनीवर, ५ ला मान उजवीकडे, ७ ला पदर सावरला. चौथ्यात १ ते ६ सावकाश बसणं, ७-८ स्थिर, आणि पुढच्या समेला नजर वर.

हेच पद सलवार-कमीजमध्ये तालीम करणाऱ्या मुलीने केलं की पाऊल दोन फुटांचं पडतं. सहा पावलांत, म्हणजे दीड आवर्तनातच ती चौरंगाशी पोचते. उरलेल्या चार मात्रांत करायला काही नसतं, म्हणून ती हात हलवते, केस मागे सारते, इकडेतिकडे बघते. दोन-तीन प्रयोगांनी ते हातवारे 'दिग्दर्शनातले' होऊन बसतात. पुढच्या पिढीला तेच मूळ म्हणून मिळतात. म्हणून पहिल्या तालमीपासून नऊवारी, आणि जे पादत्राण प्रयोगात तेच तालमीत. पुरुषपात्रांनाही शेला आणि पागोटं आधीपासून द्या. पागोट्याने मान वळवायचा वेग आपोआप कमी होतो.

रंगमंचाची रुंदी बदलली तरी हेच गणित मोडतं. यात्रेचा मंच २० फुटी, शहरातल्या नाट्यगृहाचा ३०-३५ फुटी. वहीत मूळ अंतर लिहिलेलं असलं की मोठ्या मंचावर पावलं लांबवण्याऐवजी विंगेतून निघायची वेळ आधी घेता येते, किंवा विंगच आत ओढता येते. दुसरा उपाय जास्त बरा. लय आणि पाऊल शाबूत राहतं.

आता 'का'ची ओळ. सातव्या मात्रेला पदर सावरला एवढंच लिहिलं तर दहा वर्षांनी कुणीतरी तो यांत्रिकपणे सावरेल. 'अर्जुनाचं नाव शब्दात आलं म्हणून' असं लिहिलं की नटीला कळतं, आणि शब्द गाळला गेला तर ती हालचालही गाळायची हे दिग्दर्शकाला कळतं. कारण माहीत नसेल तर ओळ कोरी ठेवा. सुचलं ते कारण भरू नका.

लिखाण तीन रंगांत करा. काळं: माणसाने करून दाखवलेलं किंवा चित्रफितीत दिसलेलं. हिरवं: पुराव्यावरून अंदाजाने जोडलेलं. लाल: नव्याने बांधलेलं. कुठल्याही जुन्या पदाची वही प्रामाणिक असेल तर त्यात लाल भरपूर असणारच, त्यात लाज काही नाही. किर्लोस्करांच्या कंपनीतले नट भाऊराव कोल्हटकर यांची सुभद्रा आज कुणीही 'जशीच्या तशी' दाखवू शकत नाही. ते १९०१ साली गेले, आणि भारतात तबकड्या भरायला १९०२ साली सुरुवात झाली. त्यांचा आवाजही उरला नाही, मग पाऊल कुठून? जाहिरातीत 'अस्सल मूळ दिग्दर्शन' असं लिहिणाऱ्या मंडळींनी वहीतली काळी पानं मोजून दाखवावीत.

चार मिनिटांच्या एका पदाची अशी वही करायला दोघांच्या चांगल्या आठवडाभराच्या संध्याकाळी जातात, हे धरूनच वेळापत्रक आखा. सगळं नाटक एकदम घेऊ नका. आधी नांदी, एक एकल पद आणि एक दोघांचं पद.

वही झाली की तिची परीक्षा घ्या. ज्यांनी हे पद कधी पाहिलेलं नाही अशा दोघांना ती वेगवेगळी द्या, व्हिडिओ न दाखवता. दोघांनी बसवलेलं साधारण जुळलं तर वही पक्की. जिथे फरक पडला तिथे लेखन अपुरं आहे. 'वळते' असं लिहिलेलं असतं, कुठल्या खांद्यावरून ते नसतं.

चित्रीकरण

व्हिडिओ वहीची जागा घेत नाही, पण वहीशिवाय चालेल एवढा तो सोपा वाटतो, म्हणूनच धोका. एक फोन पूर्ण मंच दिसेल असा, स्टँडवर, प्रेक्षागृहाच्या मध्यावर, हलवायचा नाही, झूम करायचं नाही. दुसरा कोपऱ्यातून, गुडघ्यापासून खालचं दिसेल असा, कारण नऊवारीतले पाय समोरून कळत नाहीत. तिसरा शक्य असेल तर बाल्कनीतून, जागा आणि रांगा कळण्यासाठी. सेकंदाला ५० किंवा ६० चौकटी ठेवा, म्हणजे मनगटाची हालचाल पुसट होत नाही. उजेड आपोआप बदलण्याची सोय बंद करा. जमिनीवर दर तीन फुटांना टेपची खूण करा. सुरुवातीला मंचावर एकाने जोरात टाळी वाजवावी, तिच्यावरून तिन्ही चित्रं आणि आवाज जुळवता येतात. ठेका वेगळाही ध्वनिमुद्रित करा. प्रती किमान तीन, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. ज्याच्या फोनमध्ये चित्रीकरण आहे तो फोन बदलला की सगळं गेलं, असं वारंवार होतं.

पुरुषांनी घडवलेलं बाईपण

स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, आणि शालू-पैठणीतल्या चालण्या-बोलण्याचा नमुना पुरुषांनी घडवला. आज तीच भूमिका स्त्री करते. तिने काय उचलायचं? आमचं मत असं: जागा, मात्रा, पावलांचा हिशेब, नजरेचे टप्पे घ्यावेत. पुरुषाला बाई दिसण्यासाठी जो जास्तीचा लाडिकपणा घालावा लागत होता, तो नटीने पुन्हा घालू नये. ती आधीच बाई आहे. वहीत मात्र तो लाडिकपणा काळ्या रंगात, जसा होता तसा लिहायचा. अभ्यासाला तो हवाच. प्रयोगात काय ठेवायचं हा वेगळा निर्णय.

वन्समोअरचं आधीच ठरवा. पद परत घेताना नट कुठे परत जातो, उभा राहतो की पुन्हा बसतो? हे न ठरवल्यास प्रयोगाच्या रात्री सुभद्रा चौरंगावर बसल्या बसल्या प्रवेशाचं पद गाते.

हक्क कुणाचा

भारताच्या १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात 'नाट्यकृती'त नृत्यरचना येते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली हवी, आणि त्याच व्याख्येतून सिनेमाची फिल्म वगळली आहे. म्हणून केवळ व्हिडिओवर विसंबू नका. वही हा हक्काचाही पुरावा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. किर्लोस्कर (मृत्यू १८८५), देवल (१९१६) आणि खाडिलकर (१९४८) या नाटककारांच्या नाटकांवर आता हक्क नाही. भास्करबुवा बखले (१९२२) आणि गोविंदराव टेंबे (१९५५) यांच्या चालीही मोकळ्या आहेत. पण अलीकडच्या दिग्दर्शकाने त्याच नाटकाला नव्याने बांधलेली हालचाल त्याची असते, आणि ती उचलताना लेखी परवानगी लागते.

ज्या आजी-आजोबांनी करून दाखवलं त्यांचं नाव वहीच्या त्या पानावरच लिहा, पहिल्या पानावरच्या आभाराच्या यादीत नको. चित्रीकरण कुठे दाखवायचं, कुठे नाही, हे त्यांना विचारून त्यांच्याच भाषेत लिहून सही घ्या, एक प्रत त्यांच्या घरी द्या. मानधन प्रयोगाच्या उत्पन्नावर ठेवू नका. त्यांच्याकडे बसायच्या पहिल्या दिवशीच ते हातात द्या.